निकम काकांचे रूळ

निकम काकांच्या घरात फोडणी घालायच्या आधी स्वयंपाकघराचं दार लावावं लागे. मी कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे सांगितलं, येण्याजाण्याच्या वेळा ठरवायच्याही आधी. "सिंधू, तेल तापलं की दार बंद. मोहरी तडतडून झाली, धूर खिडकीतून गेला, की मग उघडायचं." मी मान हलवली. मला वाटलं, काकूंना ठसका लागत असेल. काकू आजारी होत्या आणि त्यांचं सगळं करायलाच मला ठेवलं होतं. पण कारण वेगळंच निघालं. फोडणीच्या धुरातलं तेल हॉलमधल्या रुळांवर बसतं, असं काकांचं म्हणणं होतं.

त्यांच्या हॉलमध्ये सोफा नव्हता, टीव्ही कोपऱ्यात ढकललेला होता. मधोमध एका मोठ्या पलंगाएवढी प्लायवूडची फळी चार पायांवर उभी होती आणि तिच्यावर आगगाडीचे रूळ होते. दोन्ही रुळांमधलं अंतर माझ्या दोन बोटांपेक्षाही कमी. त्यावरून हातात मावेल एवढं इंजिन आणि मागं चार डबे धावत. स्टेशन होतं, बोगदा होता, सिग्नलचा खांब होता. कुणी त्याला खेळणं म्हटलं की काका चष्मा काढून त्या माणसाकडे बघत आणि म्हणत, "मॉडेल." मग चष्मा परत लावत.

काका टेलिफोन खात्यातून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले होते. मूळचे आमच्याच साताऱ्याकडचे. उंच, वाळकुडे, खांद्यावर कायम धोतराचा जुना मऊ तुकडा. तो रूळ पुसायचा. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी त्यांच्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावत, टोन आहे ना ते ऐकत आणि मग खुर्ची घेत. सोसायटीतल्या बायका यावर हसायच्या. काकांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असे, "निरोप पोचला पाहिजे." पोस्टमन असो, दूधवाला असो, मी असो, सगळ्यांशी बोलताना ते यायचंच. मी एकदा पीठ संपल्याचं सांगायला विसरले तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, "माझ्याकडे निरोप पोचला नाही, बाकी काय नाय."

काकूंचं नाव शालन. आजारी पडायच्या आधी त्या कशा होत्या ते मी पाहिलं नव्हतं, पण शेजारपाजारच्या बायकांकडून ऐकलं होतं. त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली भाजीवाल्याला ऐकू जायचा. गाडीचा तर त्यांना राग होता. "घरात माणसांनी बसायचं कुठं? डब्यात?" असं त्या आल्यागेल्यासमोर विचारायच्या. मग एका सकाळी लकवा आला. उजवी बाजू गेली. डाव्या हातातही जोर कमी झाला, अंगठा आणि दोन बोटं तेवढी नीट चालत. बोलण्यातला एकच शब्द राहिला, तो म्हणजे "बरं". भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, राग आला तरी बरं. कुठलं बरं कसलं आहे ते काका ओळखत. हळूहळू मलाही कळायला लागलं. नको असलेलं बरं आखूड असे आणि रागाचं बरं दातांत अडकलेलं.

दवाखान्यातून आल्यावर कितीतरी महिने काकू कशाकडे बघत नसत. खिडकीशी खुर्ची लावली तरी नजर भिंतीवर. एकदा काका आपलं मन रमवायला म्हणून गाडी फिरवत होते आणि काकूंची नजर इंजिनाबरोबर फिरली. बोगद्यात गाडी गेली तेव्हा ती बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी जाऊन थांबली. काकांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. ही गाडी शालनने स्वतः चालवायची. दुसऱ्या कुणी नाही, तिच्या अंगठ्याने.

गाडी चालवायच्या जुन्या यंत्राची मूठ पिळावी लागे. ते काकूंना जमण्यासारखं नव्हतं. काकांचा पुतण्या अविनाश जहाजावर नोकरीला होता. त्याने परदेशातून नवीन पद्धतीचं यंत्र आणून दिलं, डिजिटल. त्याला लांब वायरीचे दोन डबे होते, हातात धरायचे, वर बटणं. त्यातला एक काकूंच्या मांडीवर ठेवला की अंगठा बरोबर बटणावर येई. एकदा दाबलं की गाडी सुटायची, पुन्हा दाबलं की थांबायची.

"आधी कसं होतं," काकांनी मला समजावलं होतं, मी भाजी निवडत असताना, "रुळात करंट जास्त सोडला की गाडी जोरात, कमी सोडला की हळू. आता रुळात करंट कायम भरलेला. आपण बटण दाबलं की रुळातून निरोप जातो. इंजिनाच्या पोटात एक चिप आहे, ती निरोप वाचते. आपल्या नंबरचा असला तरच हलते. एकाच रुळावर तुझी गाडी वेगळी, माझी वेगळी. कळलं?"

"म्हणजे हाक मारल्यासारखं," मी म्हणाले.

"तसंच. पण हाक रुळातून जाते. रूळ मळला, गंजला, सांध्यात ढिला झाला, की हाक तिथंच राहते. म्हणून सगळा खेळ रुळाचा आहे." स्वतःच खेळ म्हणाले, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

पहिले रूळ पितळेचे होते. काकांनी ते पूर्वी कधीतरी मुंबईत एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून घेतलेले. पितळ म्हणजे आपलं घरचं, असं त्यांना वाटे. त्यांच्या आईने आयुष्यभर समया आणि तांबे चिंचेने घासले, मग रूळ का नाही घासायचे? त्यांनी मला चिंच भिजवायला सांगितली, वर मीठ मागितलं आणि दुपारभर खाली मान घालून सगळे रूळ घासले. देवघरातल्या भांड्यांसारखे लखलखायला लागले. काकूंना समोर आणून बसवलं. त्यांनी अंगठा दाबला, गाडी सुटली. स्टेशन गेलं, बोगदा गेला. काकूंच्या तोंडून एक लांब "बरंऽ" आलं. मी तसलं बरं आधी ऐकलं नव्हतं.

दोन-तीन दिवस गेले आणि रूळ पहिल्यापेक्षा काळे झाले, सांध्यांत हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलं. आंबट-खारट पाणी सांध्यांत शिरलं ते सुकलंच नव्हतं. समई पुसून कोरडी करता येते, रुळाचे सांधे कसे पुसणार? काकूंनी बटण दाबलं, गाडी वीतभर गेली आणि थांबली. काकांनी बोटाने इंजिन जरा ढकललं, तशी पुढे गेली. पुन्हा थांबली, पुन्हा ढकललं.

काकू गाडीकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या अंगठ्याकडे बघत होत्या. त्यांनी तो पुन्हा पुन्हा दाबला, नख पांढरं पडेपर्यंत.

"अगं तुझा अंगठा बरोबर आहे," काका म्हणाले. "रूळ मळलाय. निरोप जात नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. ते आखूड बरं होतं. त्यांना ते पटलं नव्हतं. आणि का पटावं? त्यांनी दाबलं की गाडी थांबायची आणि काकांचं बोट लागलं की चालायची. अर्धं अंग ज्याचं गेलं ते माणूस यातून काय समजणार? पुढचे चार दिवस त्यांनी तो डबा हातात घेतला नाही. मी मालिश करायला हात धरला तर हातही ओढून घेतला.

काकांचा चेहरा त्या दिवसांत बघवत नव्हता. हातात घेतलं ते दुरुस्त करायची सवय असलेला माणूस. काकूंचं दुखणं त्यांच्याकडून दुरुस्त होत नव्हतं, निदान रूळ तरी व्हावेत. ते पितळ सगळं उखडलं आणि अविनाशने यंत्राबरोबर आणलेले पोलादी रूळ टाकले. उन्हाळाभर ते बरे चालले. पण आमच्या नेरूळला खाडीचा वारा. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली हिराबाई मासळी घेऊन वर यायची. पाटी दारात ठेवून ती आत डोकवायची.

"काका, तुमची गारी आजून अरलीच हाय का?"

"गंज आलाय, हिराबाई. रोज पुसतो तरी."

"खारी हवा हाय ही. आमच्या कोयत्याला रातीत गंज चढतं, तुमच्या सुईसारक्या लोकंडाचं काय? काकूला बांगरा देऊ का, त्या पाव्हन्याचं सोरा." पाहुणा म्हणजे इंजिन.

पावसाळा लागल्यावर रूळ तपकिरी झाले. काका सकाळी खोडरबराने घासत, दुपारी घासत. काकूंना खुर्चीत बसवायच्या आधी घासत. तरी एखादी जागा राहून जायची आणि गाडी नेमकी तिथंच उभी राहायची. मग काकू अंगठ्याकडे बघायच्या. त्यांची ती नजर टाळायला काका गाडी सुटायच्या आधीच बोलायला लागत, "आज हवा दमट आहे हां शालन, आज ती अडेल, आधीच सांगून ठेवतो." मी दारात उभी राहून बघायची. गाडी अडली की मी परत आत जाऊन भांडी विसळायची.

शेवटी काकांनी ठरवलं की पांढऱ्या धातूचे रूळ मागवायचे. त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण चांदीचा कणही त्यात नसतो, तांबं, जस्त आणि निकेल असतं. ते गंजत नाही आणि मळलं तरी निरोप जाऊ देतं. अविनाश सुट्टीवर आला होता, तेव्हा त्या दोघांचं बोलणं मी ऐकलं.

"काका, टेन्शन नका घेऊ. दुकानात जाऊन सांगतो, बेस्टवाला दे."

"बेस्टवाला नको. नीट ऐक. लांब, वाकणारे तुकडे आण. छोटे तुकडे आणलेस तर सांधे वाढतील, आणि सांधा आला की निरोप अडायची जागा आली. आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ना, त्या फाट्यात मधला भाग प्लास्टिकचा नको. धातूचाच पाहिजे. छोटं इंजिन प्लास्टिकवर गेलं की त्याला करंट मिळत नाही."

"तेवढ्याने काय फरक पडतो काका? चिमटीएवढं प्लास्टिक ते."

"तिला पडतो," काका म्हणाले आणि काकूंच्या खोलीकडे हात केला. अविनाशने खिशातून पेन काढलं आणि सगळं लिहून घेतलं.

अविनाशचं जहाज परत यायला दिवाळी उजाडणार असं वाटत होतं, पण तो दसऱ्याआधीच आला. गुंडाळलेल्या कागदांतून काकांनी ते रूळ एकेक करून काढले. मग ते फळीखाली पाठीवर झोपून प्रत्येक तुकड्याला खालून वायर सोल्डरने जोडत बसले. एका बाजूने निरोप अडला तर दुसरीकडून पोचावा म्हणून. डोळ्यांत राळेचा धूर जायचा. जेवायला हाक मारली तर खालून आवाज यायचा, "हा एवढा टाका."

सगळं जोडून झालं. काकूंना आणलं, डबा मांडीवर ठेवला. काकूंनी अंगठा उचललाच नाही. म्हणाल्या, "बरं." आणि डाव्या हाताने देवघराकडे दाखवलं. खंडेनवमी होती. त्यांच्या घरात नवी वस्तू हळदीकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, मग ती सुरी असो की शिलाई मशीन.

काका गडबडले. रुळावर हळद म्हणजे निरोप बंद. त्यांनी एक शक्कल केली. उरलेला रुळाचा तुकडा पाटावर ठेवला, त्याला गंध-फूल वाहिलं, नारळ गॅलरीत फोडला. काकूंनी ते सगळं बघितलं आणि दातांतून म्हणाल्या, "बरं." हात पुन्हा फळीकडे.

"अगं हाच तो रूळ. एकाच घरचे आहेत."

"बरं."

"इंजिनाला लावतो. छपरावर. चालेल?"

काकूंनी मान फिरवली. शेवटी काकांनी अनामिकेवर कुंकू घेतलं, श्वास धरला आणि दोन रुळांच्या मधल्या काळ्या पट्टीवर एक ठिपका ठेवला. मग हळदीचा. अक्षता वाहिल्या त्याही एकेक दाणा मोजून मापून पट्टीवर. एक दाणा घरंगळून रुळाला टेकला तर त्यांनी तो जिभेने ओल्या केलेल्या बोटाने उचलला, आणि मग ओल्या बोटाने रुळाला शिवलो म्हणून कपाळावर हात मारून घेतला. काकू हसल्या. त्यांचं हसू एकाच गालावर यायचं. मीही तोंडाला पदर लावला.

मग काकूंनी बटण दाबलं. गाडी सुटली आणि थांबली नाही. फाटा ओलांडला, बोगदा ओलांडला, फिरून आली. काकूंनी दाबलं, स्टेशनात उभी राहिली. दाबलं, सुटली. त्यांनी अंगठ्याकडे एकदाही पाहिलं नाही. काकांनी दुसरा डबा हातात घेऊन आपली मालगाडी काढली, तर काकूंनी त्यांना स्टेशनात घुसूच दिलं नाही. आपली गाडी मध्येच उभी करून ठेवली.

"स्टेशन मास्तर, लाइन द्या की," काका म्हणाले.

"बरं," काकू म्हणाल्या आणि गाडी हलवली नाही.

तो हिवाळा चांगला गेला. मी सकाळी आले की काकू आधीच तयार असायच्या, केस विंचरायला घाई करायच्या. हिराबाईसुद्धा पाटी ठेवून दोन फेऱ्या बघून जायची. काकांनी मला सांगितलं की आता फोडणीला दार उघडं ठेवलंस तरी चालेल. मी मात्र लावतच राहिले.

शिमग्याच्या सुमारास काकूंना दुसरा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्या तेव्हा घास गिळायलाही वेळ लागत होता. "बरं" गेलं होतं. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, फळीपाशी आणलं, अंगठा उचलून बटणावर ठेवला आणि बाजूला उभे राहिले. गाडी स्टेशनात होती, दिवा लागलेला, रूळ आरशासारखे. बराच वेळ काही झालं नाही. काकूंच्या कपाळावर घाम आला. अंगठा बटणावर नुसता पडून होता.

मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

मी दारात होते. त्या कशाची वाट बघत होत्या ते मला कळलं, काकांनाही कळलं. काका खाली वाकले, खांद्यावरचा तुकडा काढला आणि इंजिनापुढचा स्वच्छ रूळ पुसायला लागले. "मळलाय," ते म्हणाले. "रूळ मळलाय गं. हवाच तशी आहे." ते पुसत राहिले. पुसायला तिथं काही नव्हतं. इतके दिवस खरं सांगून जे काकूंना पटवता आलं नव्हतं, ते आता खोटं सांगून पटवायचा प्रयत्न चालला होता. काकू रुळाकडे बघतच नव्हत्या. काकांच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी आणखी एक करून पाहिलं. आपल्या हातातल्या डब्यावर काकूंच्या गाडीचा नंबर लावला आणि खुर्चीमागं उभं राहून हळूच बटण दाबलं. गाडी सुटली. "बघ, चालली की नाही? दाबलंस ना तू." काकूंनी गाडीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. त्या हाताचं त्यांना आता काही कळत नव्हतं, पण तो हलला नव्हता एवढं दिसत होतं. त्यांनी डोळे मिटले आणि गाडी पूर्ण फेरी मारून आली तरी उघडले नाहीत. काकांनी डबा खाली ठेवला. पुन्हा तसं केलं नाही.

त्यानंतर त्यांनी डोळ्यांचं ठरवलं. एकदा मिटले की सोडायची, दोनदा मिटले की थांबवायची. बटण काकांनी दाबायचं, हुकूम काकूंचा. हे काकूंना मान्य होतं की नाही ते कुणाला विचारणार? काका समोर स्टुलावर बसत, गाडीकडे पाठ करून. त्यांची नजर फक्त काकूंच्या पापण्यांवर.

उन्हाळ्यात आम्हाला ऐरोलीला खोली मिळाली आणि मला ते काम सोडावं लागलं. माझ्या जागी येणाऱ्या बाईला मी सगळं दाखवलं, औषधं, मऊ भात कसा कालवायचा, मालिश कशी करायची. शेवटच्या दिवशी काम आवरून मी हॉलच्या दारात आले. काका स्टुलावर बसले होते. डबा दोन्ही हातांत धरलेला, अंगठा बटणावर. काकूंचे डोळे मिटले, उघडले, अर्धे मिटले. ती एक वेळ झाली की दोन, की नुसती झोप येत होती, ते मला कळलं नाही. काकांनाही कळलं नसावं.

"सोडू?" त्यांनी विचारलं.

काकूंच्या पापण्या जरा हलल्या.

"शालन, सोडू का थांबू? नीट सांग."

"येते, काका," मी म्हणाले. त्यांनी मागं न बघता एक हात वर केला आणि लगेच परत डब्यावर ठेवला. डोळ्यांची उघडझाप निसटेल म्हणून. मी दार ओढून घेतलं, चपला घातल्या. जिन्याच्या वळणावर उगाच थोडी थांबले. गाडीचा आवाज आला नाही. काकांचाच आला, अगदी हळू, "सोडू का गं?"